'व खेळासाठी' हे शब्द न खोडण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
पंचरंग सहकारी मुद्रणालय मर्यादित,
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

अर्जदार : अक्षता बाबासो कुरणे, वरिष्ठ डिझायनर, डिझाइन विभाग.

विषय : मॉनिटरच्या मागणीपत्रातील 'व खेळासाठी' हे शब्द खोडण्यास नकार कळवणे व त्याबाबत खुलासा सादर करणे.

संदर्भ : हळदीच्या पाकिटाचा रंग बिघडल्याबाबत आपण अर्जदारास दिलेले ज्ञापन.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, आपले ज्ञापन मिळाले. त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत. गडमुडशिंगीच्या महिला बचत गटाच्या हळदीचे पाकीट हिरवट छापले गेले त्याबद्दल माफीनामा, आणि अर्जदाराने मागणीपत्रात 'वापराचे प्रयोजन' या रकान्यात लिहिलेल्या 'कामासाठी व खेळासाठी' यांतले शेवटचे दोन शब्द खोडून खाली सही. दोन्ही केले तर मॉनिटर ताबडतोब टेबलावर, न केले तर बदली बांधणी विभागात, असेही त्यात आहे. अर्जदार दोन्हींतले एकही करणार नाही. का करणार नाही, ते साहेबांनी चहा घेऊन निवांत वाचावे.

२. मुद्रणालयाच्या साधन योजनेचा नियम आपल्याच सहीने निघालेला आहे. निम्मी किंमत कर्मचाऱ्याची, म्हणून निवड कर्मचाऱ्याची, आणि संध्याकाळी सहानंतर त्या साधनाचा वापरही कर्मचाऱ्याचाच. अर्जदाराने आपला निम्मा वाटा भरला आहे. अर्जदार चाळीस वर्षांची आहे, अविवाहित आहे, घरी एकच खोली असून त्या खोलीत संध्याकाळी आईच्या मालिका असतात. म्हणून काम संपल्यावर ती डिझाइन विभागातच बसून मोटार शर्यतीचा खेळ खेळते. तो तिला फार आवडतो. दिवसभर 'लोगो जरा मोठा करा' आणि 'लाल रंग थोडा आणखी लाल करा' ऐकल्यावर त्या शर्यतीत तिला कुणी काही सांगत नाही, गाडी तिची आणि रस्ताही तिचा. या वयाच्या बाईने खेळावे का, असा प्रश्न कार्यालयात विचारला जातो. त्याचे उत्तर हो असे आहे.

३. मॉनिटर निवडताना अर्जदाराने चैन केली, असा समज पसरवला गेला आहे. वस्तुस्थिती अशी की, तिने राजारामपुरीतली दुकाने पायाखाली घातली. पहिला भावला तो ओएलईडी जातीच्या पडद्याचा. त्याचा काळा रंग इतका काळा की रात्रीच्या शर्यतीत जीव तिथेच अडकला. पण डिझाइनचे तेच ते चौकोन पडद्यावर रोज आठ तास उभे राहिले, तर वर्षा-दोन वर्षांत त्यांचे डाग कायमचे उमटण्याची भीती. म्हणजे खेळाला उत्तम, कामाला धोक्याचा. तो अर्जदाराने जड मनाने सोडला. दुसरा रुंद आणि कमानदार होता. खेळताना मोटारीत बसल्यासारखे वाटे, पण त्यावर लग्नपत्रिकेची सरळ चौकट वाकलेली दिसे, आणि वाकलेली चौकट पाहून वधूपिता काय बोलतो ते आपणास ठाऊक आहेच. तोही सोडला. शेवटी घेतला तो सत्तावीस इंची, सपाट, रंगाला इमानदार आणि पडद्यावरचे चित्र साध्या मॉनिटरच्या दुपटीहून जास्त वेगाने बदलणारा. काळा रंग जरा फिका आहे, तेवढे अर्जदाराने खेळापुरते सोसले. सारांश, जिथे काम आणि खेळ यांची ओढाताण झाली, तिथे तिने दर वेळी कामाला झुकते माप दिले. ज्या शब्दांमुळे हे सगळे नीट तोलून झाले, तेच शब्द खोडायला सांगितले जात आहे.

४. मॉनिटर आल्या दिवशी कार्यालय अधीक्षक श्री. अभिराम यांनी खोका पाहून हरकत नोंदवली. हरकत अशी : 'खोक्यावर गेमिंग असे छापलेले असून मागील बाजूस जांभळे दिवे लागतात, ते कार्यालयीन शिस्तीस शोभत नाहीत.' दिवे बंद करता येतात. शिवाय ते भिंतीकडे तोंड करून असतात आणि भिंतीने अद्याप तक्रार केलेली नाही. तरीही मॉनिटर 'तपासणीसाठी' खरेदी उपसमितीकडे गेला. उपसमितीचे प्रमुख, मा. उपाध्यक्ष आण्णा, यांनी तो संचालक मंडळाच्या सभागृहात लावून घेतला. ही गोष्ट गणपतीच्या आधीची. आता दिवाळी उलटून गेली.

५. ही तपासणी कशी चालते, ते अर्जदारास रोज ऐकू येते, कारण सभागृह आणि डिझाइन विभाग यांच्यामध्ये फक्त प्लायवूड आहे. दुपारी जेवण झाले की सभागृहाचे दार आतून लागते. मग पुढील उद्गार येतात, ते जसेच्या तसे देत आहे. 'आरं मार की! पास कुणाला देतूयस?' 'ह्यो गोल न्हाय, ह्यो ऑफसाइड हाय!' 'आण्णा, आता माझा डाव, तुमी मगाधरनं बसलाय.' उपसमितीचे सभासद दोन वेगवेगळ्या पेठांचे आहेत आणि त्या पेठांचे फुटबॉलमधले वैर कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. मागच्या आठवड्यात मॉनिटरवरच्या खेळातला सामना बरोबरीत सुटला आणि दोन संचालक एकमेकांशी बोलेनासे झाले, त्यामुळे कागद खरेदीचा ठराव लांबला. खेळल्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. आण्णा खेळताना हसतात, एरवी ते कधी हसत नाहीत. तक्रार एवढीच की, सभागृहाच्या दारावर त्याच मॉनिटरच्या वापराबद्दल 'केवळ कार्यालयीन कामकाज' असा कागद चिकटवला आहे.

६. आता हळद. मॉनिटर सभागृहात असल्याने अर्जदारास जुन्याच मॉनिटरवर काम करावे लागले. त्याचा पिवळा रंग कधीचाच गेलेला आहे. त्यावर हळद, लिंबू आणि कोवळे गवत एकच दिसते. 'या पडद्यावर रंगाची हमी देता येणार नाही', असे अर्जदाराने आधी लेखी कळवले होते. त्यावर उपसमितीचा शेरा आला : 'जुना मॉनिटर कामासाठी पुरेसा आहे.' छपाई झाली, पाकिटे हिरवट निघाली आणि बचत गटाच्या अध्यक्षा संयोगिताताई थेट डिझाइन विभागात आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. पाकीट टेबलावर ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, 'अक्षता, ही हळद बघून लोकं म्हणतील, शिळी हाय. आमी बायकांनी उन्हात वाळवलीया गं ही.' अर्जदाराला त्या दिवशी जेवण गेले नाही. माफी त्या बायकांची मागायची होती, ती तिने गडमुडशिंगीला जाऊन मागितली आहे. मुद्रणालयाकडे माफी मागण्यासारखे तिने काही केलेले नाही.

७. दरम्यान अर्जदाराची आई श्रीमती मीनाबाई कुरणे आपल्या फंडाच्या कागदांसाठी कार्यालयात आल्या होत्या. त्या बांधणी विभागातून निवृत्त झाल्या असून उभी हयात त्यांनी याच इमारतीत कागदाच्या घड्या घातल्या. श्री. अभिराम यांनी त्यांना 'पोरीला समजवा, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे' असे सुचवले. त्या वेळी सभागृहाचे दार उघडून आण्णा बाहेर येत होते. मीनाबाईंनी त्यांनाच गाठले आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, 'आण्णा, माझी पोरगी सांगून खेळतीया. तुमी दार लावून खेळताय. मग लाज कुणाला वाटाय पायजे, सांगा की!' तेव्हापासून सभागृहाचे दार लावताना त्याचा आवाज होत नाही, एवढाच फरक पडला.
बांधणी विभागात बदलीची धमकी आहे, तिच्याबद्दलही सांगून टाकते. ज्या टेबलावर आईने अर्जदाराला वाढवले, ते टेबल तिला शिक्षा वाटत नाही. बदली जरूर करावी. मात्र आदेशात कारण म्हणून 'खरे लिहिले' असे नमूद करावे.

८. सबब, अर्जदार पुढीलप्रमाणे कळवते. हा मजकूर परवानगीसाठी नाही, माहितीसाठी आहे. आज सकाळी कार्यालय उघडल्यावर अर्जदाराने बांधणी विभागातील दोन भगिनींच्या मदतीने नवा मॉनिटर सभागृहातून काढून स्वतःच्या टेबलावर बसवला. दुपारपर्यंत हळदीचे पाकीट नव्याने जुळवले. संयोगिताताई स्वतः येऊन पडद्यावर बघून गेल्या आणि या वेळी म्हणाल्या, 'व्हय, ही आमची हाय.'
सभागृहातील जागा रिकामी राहू नये म्हणून तेथे जुना मॉनिटर जोडून दिला आहे. त्यावर मैदान निळसर दिसते आणि चेंडू दोन-दोन दिसतात. परंतु तो कामासाठी पुरेसा असल्याचे उपसमितीचे लेखी मत आहे, तेव्हा तपासणीच्या कामालाही तो पुरेल.
तो न पुरल्यास उपसमितीने मन छोटे करू नये. सहानंतर डिझाइन विभागाचे दार उघडे असते, आणि उघडेच ठेवले जाईल. आण्णांनी यावे, दोन्ही पेठांनी यावे, साहेबांनीही यावे. अर्जदार आपली पाळी सोडून जागा देईल. अट एकच. दाराजवळ वही ठेवली आहे. तिच्यात आपल्या हाताने नाव लिहायचे आणि प्रयोजनाच्या रकान्यात 'खेळासाठी' असे लिहून सही करायची. पहिल्या ओळीत अर्जदाराने आपले नाव लिहून ठेवले आहे.

कळावे. कामाच्या वेळेत आपली नम्र आणि सहानंतर स्वतःच्याच मर्जीची,

(सही)
अक्षता बाबासो कुरणे
उचगाव, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. हळदीची दोन पाकिटे, एक हिरवट व एक खरे.
२. 'जुना मॉनिटर कामासाठी पुरेसा आहे' या शेऱ्याची प्रत.
३. मूळ मागणीपत्र, काहीही न खोडता.
४. वही पाठवलेली नाही, ती दाराजवळच राहील. पेन दोरीने बांधले आहे.