कामवाटपाच्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

इस्पितळातल्या सफाईवाल्या बायकांना रोजचं काम मीच नेमून देतो, अशा प्रतिज्ञापत्रावर सही केली. दोन तारखा चुकल्या होत्या, त्या आधी वकिलाकडून दुरुस्त करून घेतल्या, मगच.

बायकांचं म्हणणं — सफाईचं कंत्राट नुसतं कागदावर, आम्ही खऱ्या इस्पितळाच्याच, आम्हाला कायम करा. आमचा वकील म्हणाला, "सगळं एका प्रश्नावर आहे. रोजचं काम कोण नेमून देतं? सरकारी इस्पितळ की आपले कंत्राटदार अभयशेठ? शेठ देत असतील, तर बायका शेठच्याच." मग माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाला, "हितेंद्र, केस तुम्हीच जिंकून दिलीत."

कामवाटपाची चिठ्ठी ही माझी कल्पना. कायद्यात कुठे सांगितलेली नाही. कुठली बाई कुठल्या वॉर्डात, काय साफ करायचं, खाली सुपरवायझर म्हणून माझी सही. लेबर ऑफिसर तपासणीला आले तेव्हा म्हणाले होते, इतकं चोख पालन मुंबईत पाहिलं नाही. दहावी नापास माणसाला म्हणाले! फोर्टच्या फुटपाथवरून कायद्याची पुस्तकं आणून शिकलेल्या माणसाला. ते वाक्य मी फार दिवस चघळलं.

अर्जदारांत पहिलं नाव लक्ष्मीवहिनींचं. दादा गेल्यावर मीच त्यांना तिथे चिकटवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कायम झाल्या तर म्हातारपणी हातात काहीतरी. नाहीतर झाडू ठेवायचा आणि घरी यायचं, बस.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनींनी घराबाहेरच्या गॅलरीत मला पाहिलं. बादली उचलून आत गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बोलल्या. कपडे वाळत घालता घालता.

"भावजी, त्या चिठ्ठीत काय लिहिलेला असता?"

"तुमचं काम."

"माझा काम? मग माका कधी दाखवलात नाय ती!"

चिमटा लावून पुढे म्हणाल्या, "उद्या लादी पुसूची की नको? सायबाची चिठ्ठी नाय आली अजून." शेजारची आकांक्षा फिसकन हसली. मी आत आलो.

दाखवायची कशाला? फाईलला लागायची. फाईल पूर्ण हवी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मुद्दाम वॉर्डात जाऊन उभा राहिलो. कामाच्या वेळी मी वर कधी जातच नाही. माझी खोली तळमजल्यावर, कपाटांची.

चिठ्ठीप्रमाणे वहिनी बाळंतिणींच्या वॉर्डात. इरावती सिस्टर आल्या. "लक्ष्मी, ते राहू दे गं, आधी वर जा. पेशंटनं उलटी केलीय." वहिनी गेल्या. मी मागोमाग. वर दुसऱ्या सिस्टरनं त्यांना ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलायला लावला. तिथून एक चादर बदलायला. तिथून शवागाराकडे, स्ट्रेचरबरोबर. मला कोणी काही विचारलं नाही. वहिनींनी मान वर करून पाहिलं नाही.

परत येताना इरावती सिस्टरनी हटकलं. "तुम्ही पेशंटचे नातेवाईक का? मग बाहेर थांबा."

बाहेर थांबलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स चाळत बसलो. कुठे खाडाखोड नाही. अक्षर देखणं. आणि एक ओळ खरी नाही. आदल्या संध्याकाळी खुर्चीत बसून मी ठरवायचो आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळ आपल्या वाटेनं चालायचं.

मी चोर नाही. पीएफ कधी उशिरा भरला नाही, कोणाचा पगार किमान वेतनाखाली जाऊ दिला नाही. शेठशी भांडून ग्लोव्हज आणवले. तरीही त्या बायकांच्या गळ्याला इतकी नीट गाठ दुसऱ्या कोणाला मारता आली नसती. एखाद्या आळशी क्लार्कच्या हाताखाली असत्या तर केव्हाच जिंकल्या असत्या.

शेठचा फोन आला. "हितेंद्र, टेन्शन मत लो. जो लिखा है वही बोलना है. पुढचं टेंडर आपलंच."

लिहिलंय तेच बोललो, तर वहिनी संपल्या. फिरलो, तर नोकरी जाणार, आणि खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून मलाच आत टाकतील. या वयात मला कोण घेईल? काय दाखवू — कलमं पाठ आहेत म्हणून?

सहीची किंमत मला कळते, असं मी समजत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या शिवजयंतीची सुट्टी. परवा माझी उलटतपासणी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायकांच्या वकीलबाईंनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर तुमचंच? हो. सही? माझीच. मग म्हणाल्या, "ही वाचायचं कोण?"

आमचा वकील माझ्याकडे बघत होता.

"कोणी नाही, मॅडम. काम सिस्टर द्यायच्या."

जजसाहेब म्हणाले, मोठ्यानं बोला.

पुन्हा सांगितलं.