सहा महिन्यांचा ब्रश

प्रिय मामा,

तुम्ही मला रंगकामावरून काढलंत, तेव्हा माझ्या पिशवीत अकरा ब्रश होते आणि अकराही वाळून दगड झालेले. "हे ब्रश आहेत की खराटे?" असं तुम्ही विचारलंत. काम सुटलं की मला दारूची घाई असायची, ब्रश कोण धुणार?

नंतर मोठमोठ्या शपथा घेतल्या. चार दिवसांत बारगळल्या. शेवटी म्हटलं, शपथ मरू दे, निदान ब्रश तरी धुऊ. आता दुसरीकडे रंग मारतो; रोज काम संपलं की ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवतो, मग साबणाने धुतो, पाणी स्वच्छ निघेपर्यंत हलत नाही. अर्धा तास जातो. तेवढ्यात ती तलफ ओसरते आणि पाय आपसूक घराकडे वळतात.

मामा, हातातला ब्रश सहा महिन्यांचा झाला! केस अजून रेशमासारखे आहेत. माझ्या डोक्यावरचे तेवढे टिकले नाहीत.

हे पत्र मी टाकणार नाही. माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही किती वेळा फसलात, ते मला ठाऊक आहे. रविवारी ब्रशच दाखवायला येतो. दारात नेहमीसारखा माझ्या तोंडाचा वास घ्या. या वेळी मी श्वास रोखून धरणार नाही.

तुमचा,
खराटेवाला भाचा