पिवळाच राहिलेला कागद

दि. ३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी तुझा धाकटा भाऊ, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, लोखंडी वस्तूंना मुलामा देणाऱ्या कारखान्याचा भांडारप्रमुख. पत्राचा हेतू एकच : आम्ल आणि आम्लारी हे प्रकरण मला पहिल्या धड्यापासून शिकव. नववीत मी त्यापासून पळ काढला होता, हे तू शिक्षिका असल्याने विसरली नसशीलच.

कारण असे. लोखंडाचा गंज काढण्यासाठी आमच्याकडे आम्लाचा हौद आहे. वापरलेले आम्ल शेजारच्या दुसऱ्या हौदात साठते. ते नाल्यात सोडण्यापूर्वी हौदमिस्त्री बादलीभर आम्लात बादलीभर चुन्याची निवळी घालत आणि हळदीचा कागद बुडवत. कागद पिवळाच राहिला की झडप उघडत. मिस्त्री गेल्या आठवड्यात निवृत्त झाले. ‘पाणी निर्धोक’ ही रोजची सही आता माझ्याकडे आली आहे.

हा नाला ज्या ओढ्याला मिळतो, तिथे धुलाईवाल्या बाई कपडे खळबळतात. परवा त्या फाटकाशी आल्या आणि दोन्ही हात पुढे केले. कातडी सोललेली होती. मालक म्हणाले, साबणाने होतं हो असं. कागद पिवळा आहे ना, मग करा सही आणि व्हा मोकळे.

मी सही केलेली नाही. जे मला समजत नाही, त्याखाली माझे नाव जाणार नाही. झडप बंद ठेवली आहे. आठ दिवसांत साठवणीचा हौद काठोकाठ भरेल. मग काम थांबेल आणि मालक मलाही थांबवतील. तेव्हा उत्तर लवकर धाड.

तुझा,
धाकटा

दि. ६ जानेवारी

चि. फूटपट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

चाळीस वर्षांनी का होईना, विद्यार्थी वर्गात आला! मागच्या बाकावर बसू नकोस, पुढे ये.

पहिला धडा. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भिडले की दोघांचाही जोर ओसरतो. उरतो क्षार आणि पाणी. पण जोर तोडीस तोड हवा, बादल्या नव्हेत. तुमचं आम्ल म्हणजे पैलवान आणि चुन्याची निवळी म्हणजे आजारातून उठलेला माणूस. एकास एक सोडलेत, तर कुस्ती कोण मारणार? निवळीऐवजी चुना पाण्यात दाट कालवून घे. थोडा थोडा घाल, ढवळ, तपास, पुन्हा घाल. घाई केलीस तर आम्लारी जास्त होईल, तीही कातडी खाते. आणि डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे. फूटपट्टीने वही आखण्याची तुझी शिस्त इथे वापर.

दुसरा धडा नीट वाच. हळद आम्लारीत लाल होते. आम्लात ती पिवळी, साध्या पाण्यातही पिवळी. म्हणजे पिवळा कागद तुम्हाला काहीच सांगत नव्हता, आणि तुम्ही त्याला होकार समजत होतात. आम्ल ओळखायला निळा लिटमस लागतो, तो आम्लात लाल होतो; आणि लाल लिटमस आम्लारीत निळा. कारखान्यात तो कधीच नव्हता का? असेल, तर कुठल्या शहाण्याने बंद केला, ते शोध. सोबत दोन्ही रंगांच्या पट्ट्या धाडते आहे.

सही करू नकोस. मालक ओरडले तर ओरडू देत. बाबांचा ओरडा खाल्लेला माणूस तू, तुला कसली भीती!

तुझी,
ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पट्ट्या पोचल्या. मिस्त्रींच्या पद्धतीने एक बादली तयार केली. हळदीचा कागद पिवळा राहिला आणि तुझी निळी पट्टी बुडवताक्षणी लाल झाली.

तो शहाणा सापडला. अकरा वर्षांपूर्वीच्या मागणीपत्रकात लिटमसपुढे शेरा आहे : ‘एका कामास तीन कागद कशाला? हळदीचा पुरे.’ खाली सही माझी. लहानपणी तू साबणाच्या पाण्याने हळदीचा कागद लाल करून दाखवला होतास, त्यातली अर्धीच गोष्ट मी लक्षात ठेवली आणि अकरा वर्षे तिच्यावर कारखाना चालवला.

ते मागणीपत्रक घेऊन प्रथम धुलाईवाल्या बाईंकडे गेलो आणि चूक माझी असल्याचे सांगितले. त्या चांगल्याच संतापल्या. म्हणाल्या, कागदाला कसलं विचारत बसलात, माझ्या हातांना विचारायचं होतंत. त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी मलम दिले आणि हात भरून येईतो ओढ्यावर जायचे नाही, अशी ताकीद दिली.

नंतर मालकांकडे. मी दोन गोष्टी सांगितल्या : यापुढे दोन्ही रंगांच्या पट्ट्या लागतील, आणि त्या बुडवतील धुलाईवाल्या बाई. बाहेरच्या बाईने आमचे पाणी तपासायचे? असे म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला. मी म्हणालो, नाहीतर सहीला दुसरा माणूस बघा. हौद काठापासून वीतभर उरला होता. त्यांनी खिडकीतून एकदा त्याकडे पाहिले आणि म्हणाले, करा काय करायचं ते.

काल सकाळपासून कालवलेला चुना मापाने घालत राहिलो. एकविसाव्या मापापर्यंत निळी पट्टी लाल होत होती. पुढे वाटी वाटी घातला, शेवटी चमचा चमचा. गाळ तळाशी बसू दिला. सायंकाळी बाई आल्या, मोजे चढवले, दोन्ही पट्ट्या बुडवून उजेडात धरल्या. निळी निळीच राहिली, लाल लालच. त्यांनी पट्ट्या माझ्यापुढे धरल्या आणि मान हलवली.

मग झडप उघडली, आणि मग सही केली.

पुढचा धडा धाड. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
फूटपट्टी
(भांडारप्रमुख)

स्थळ : झडपेजवळची खोली
दि. ११ जानेवारी