चौदावा प्रश्न

३ फेब्रुवारी

आज सव्वीस घरं! जिने चढून पाय भरून आलेत. प्रत्येक दारात तेच — "नमस्कार, नव्या औद्योगिक संकुलासाठी पाहणी करतेय, वीस मिनिटं द्याल?" खोलीवर आल्यावर लक्षात आलं, दिवसभर मी शेकडो प्रश्न विचारले आणि मला कोणी एकही विचारला नाही. जेवलीस का, एवढासुद्धा नाही.

५ फेब्रुवारी

चौदावा प्रश्न माझा. 'अडीअडचणीला पहिली हाक कोणाला मारता?' फॉर्मात नव्हता, मी भांडून घातला. आज साहेब फोनवर म्हणाले, संकुलाच्या जागेवरून लोकांना हलवायचे टप्पे त्यावरच ठरणार. जिथे माणसं एकमेकांच्या आधाराने राहतात ती गल्ली शेवटी, जमलं तर वगळायचीच. ज्यांना कोणी नाही ते पहिल्या टप्प्यात.

इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगायला खालच्या घरमालकीण काकू, तेवढ्याच. सांगायचं नसतं खरं तर, पण राहवेना, टप्प्यांचं सगळं सांगून टाकलं. "तुमच्या गल्लीला काही होत नाही काकू, निश्चिंत राहा." त्या "बरं" म्हणाल्या आणि इस्त्री करत राहिल्या.

९ फेब्रुवारी

रविवार. दूधवाल्याला "एक पिशवी" म्हणाले. दिवसभरात तेवढंच बोलणं.

१४ फेब्रुवारी

आज आमची गल्ली. अकरा घरं. इथलं सगळं मी रोज खिडकीतून बघते — शिंप्याच्या आईला दवाखान्यात न्यायला बेकरीवाल्याची गाडी निघते. काकूंच्या घराची किल्ली तीन घरांत असते. कोणीही दार न वाजवता येतं आणि कुकर उचलून नेतं.

आणि चौदाव्या प्रश्नाला शिंपी म्हणतो, "कोणालाच नाही." बेकरीवाला — "आपलं आपण बघतो." काकूंनी तर मान वर न करता सांगितलं, "कोणी नाही. लिही." तेव्हा शिंप्याची बायको त्यांच्याच ओट्यावर चहा गाळत होती!

नियम असा की बोलतील तसंच लिहायचं. लिहिलं. अकराच्या अकरा — कोणी नाही. रोजचंच झाल्यामुळे त्यांना ती मदत वाटतच नसेल बहुतेक.

१५ फेब्रुवारी

साहेबांना गाठलं. "उत्तर बदलायचं तर त्या घरातली नवी सही आण. शुक्रवारपर्यंत." नाहीतर ही गल्ली पहिली उठणार. माझ्या प्रश्नामुळे!

१७ फेब्रुवारी

अकराही दारं पुन्हा वाजवली. शिंपी टाचण्या तोंडात धरून नुसता हं हं करत राहिला. बेकरीवाल्याने पाव हातात कोंबला, सही काही दिली नाही. काकूंना अक्षरशः हात जोडले — "काकू, गल्ली जाईल हो! सगळे कुठल्या कुठे फेकले जाल!"

"एकदा सांगितलं ते सांगितलं."

असा संताप आला! मी यांच्यासाठी जीव काढतेय आणि हे ढिम्म. जिना चढताना रडूच फुटलं. त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे. खालून भांड्यांचे, हसण्याचे आवाज येतात, त्यावर तर मी दोन महिने काढलेत.

२१ फेब्रुवारी

शुक्रवार. सह्या — शून्य. अहवाल तसाच गेला.

१२ मार्च

यादी लागली. पहिल्या टप्प्यात आमची गल्ली सगळ्यात वर. उद्या खाली जाऊन माफी मागायची. शब्द जुळवतेय, जुळत नाहीत.

१३ मार्च

काकूंच्या घरात सगळी गल्ली जमलेली. हसत! पहिल्या टप्प्याला नवी घरं निवडायला मिळतात, यांनी एका रांगेतली अकरा निवडली.

"तूच तर सांगितलंस," काकू म्हणाल्या, "कोणी नाही म्हटलं की पहिला नंबर. शेवटच्यांना काय, उरलंसुरलं. एक इथे, एक तिथे. सगळ्यांनी त्याच दिवशी ठरवलं."

मग मला का नाही सांगितलंत?

काकू चहा ओतायला वळल्या. शेवटी शिंपीच म्हणाला, "अहो, तुम्ही संकुलवाल्यांच्या ना."