एकच तास, दिवसातून तीनदा

सोम., ४ ऑगस्ट
परिपत्रक आलं. प्रत्येक कॉलेजनं आपलं वेगळेपण ठरवायचं, सगळा जोर त्यातच लावायचा, बाकीचे विषय दुसऱ्या कॉलेजांकडे. प्राचार्य देसाई सरांनी मीटिंगमध्ये दोनदा वाचून दाखवलं. आपलं सिल्वासा म्हणजे प्लॅस्टिक आणि सूत, यावर चहा येण्याआधीच एकमत. आमचं मराठी बी.ए. दमणला जाणार. तरी प्रत्येक विभागानं एक पान लिहून द्यायचं: इथं असं काय होतं, जे दुसरीकडे होत नाही? मुदत शुक्रवार.

बाहेर वैशाली उभी. साक्रीची पोर, राखोलीला सूत कारखान्यात पॅकिंगला, आमच्या दुसऱ्या वर्षाला. बातमी तिच्यापर्यंत पोचलेली. "मॅडम, ड्युटी करून दमणला कशी जाऊ मी? सोडूनच द्यावं लागंल ना मग?" बघते, म्हटलं. चिडले मात्र खूप. कोणावर, ते ठरवायचंय.

बुध., ६ ऑगस्ट
पान कोरं. लिहायला बसलं की जुनंच आठवतं.

नाशिकहून नवी आले तेव्हा पाटील सर विभागप्रमुख. वर्गात निम्मे धुळे-नंदुरबारचे, कारखान्यात कामाला, पाळी दर आठवड्याला बदलणार. सरांनी एकच तास दिवसातून तीनदा घ्यायची पद्धत पाडली. रात्रपाळीवाले सुटून सकाळी आठला, सेकंडवाले कामावर जाण्याआधी एकला, फर्स्टवाले चारला. तिसऱ्यांदा तीच कविता म्हणजे नकोसं व्हायचं. पण चारच्या वर्गाला ती सगळ्यात चांगली कळायची, कारण तोवर मलाही कळलेली असायची!

आठच्या वर्गात कोणाचा डोळा लागला तर उठवायचं नाही, हा नियम. शेजाऱ्यानं कार्बन लावून दोघांचं टिपण काढायचं. केसांत कापूस, हाताला तेलाचा वास, आणि बाकावर टेकलेली ती डोकी. त्यांची अजून माया वाटते. पद्धत तीच आहे म्हणा, कार्बन गेला, आता मोबाइलवर फोटो. आणि सर निवृत्त, खोलीत नाहीत.

गुरु., ७ ऑगस्ट
सकाळी पान लिहिलं, एका बैठकीत. हेच आमचं वेगळेपण, दुसरं काय? दे. सर खूश. म्हणाले, आता पुरावा म्हणून हजेरीपट जोडा.

आणि तिथंच घोडं पेंड खातंय. विद्यापीठाला तास एकच मान्य, चारचा. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तिन्ही वेळची मुलं चारच्या तासालाच हजर दाखवत आलो. कागदावर आमचा वर्ग चारचौघांसारखा. ज्याचा अभिमान, त्याचाच कुठं पत्ता नाही. खरं लिहायचं तर हजेरी खोटी भरली हेही लिहून द्यावं लागेल, माझ्या सहीनं. जुन्या पटांवर सह्या पाटील सरांच्या. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं. पेन्शन, चौकशी, सगळं डोक्यात येऊन गेलं. भीती वाटतेय, सरळ लिहिते.

शुक्र., ८ ऑगस्ट
सकाळी सामरवरणीला, पाटील सरांकडे. मुलाच्या फ्लॅटवर असतात, ऐकू कमी येतं. सगळं ओरडून दोनदा सांगितलं, म्हणजे मजल्यावर सगळ्यांना कळलं. म्हटलं, सर, तुमचं नाव यात ओढत नाही, माझ्यापुरतंच लिहिते.

रागावले. "माझं नाव वर लिही. पद्धत मी पाडली, तू नंतर आलीस."

मग कितीतरी वेळ जुन्या मुलांची नावं सांगत बसले, कोण कुठल्या कारखान्यात, कोणाला रात्रपाळी सोसायची नाही. रोल नंबर एकाचाही आठवेना. निघताना पाया पडले. रडू आलं ते जिन्यात.

दुपारी पान नव्यानं लिहिलं. हजेरीचंही सगळं घातलं. वर सरांचं नाव, खाली माझं. पाकिटात घालून नेऊन दिलं. दे. सरांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला.

"बेन, हे एकदा वर गेलं की परत येणार नाही."

म्हटलं, जाऊ द्या. पाकीट उघडंच ठेवलं त्यांनी. सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे, विचार करतो म्हणाले.

सोम., ११ ऑगस्ट
दे. सर दिवसभर बाहेर. पाकीट गेलं की टेबलावरच आहे, माहीत नाही. शिपायाला विचारायचा दोनदा मोह झाला, नाही विचारलं.

सकाळी आठचा तास घेतला. वैशालीची रात्रपाळी सुरू झालीय, ती आणि आणखी तिघं. एक जण झोपला. तास संपल्यावर हजेरीपट उघडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरी वेळ लिहिली, सकाळी आठ. हजर चार.

वैशाली बघत होती. "मॅडम, बाकीच्यांची नाही लावली?"

म्हटलं, एकला येतील तेव्हा लावू.

मोकळे रकाने बघून हात शिवशिवत होता. सवयच तशी. पट मिटला आणि पेन तिच्याकडे देऊन टाकलं.