मुक्या घंटेची सोळा चित्रं

प्रिय खोडू,

गेल्या तीन आठवड्यांत तुझा फोन मी चार वेळा उचलला नाही. डोळे तपासायला गेले होते असं तुला कळवलं, ते खरंच होतं. पण डोळे तपासायला एक सकाळ लागते, तीन आठवडे नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलते, असं हल्ली माझ्या लक्षात आलंय. कागदावर मला खोटं इतक्या पटकन सुचत नाही. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून मला फोन लावू नकोस.

आधी टीव्हीवरच्या तुझ्या कार्टून मालिकेबद्दल सांगते. पहिला भाग मी बघितला. तुला 'बघायचा राहिला' म्हणाले होते, तेही खोटंच. वरच्या मजल्यावरची दोन मुलं त्या दिवशी माझ्याकडे होती, त्यांची आई दवाखान्यात गेली होती. त्यांना पुढे सोफ्यावर बसवलं आणि मी मागे खुर्चीत, हातात आपलं कासवाचं पुस्तक उघडं धरून. काय काय चुकलंय ते टिपायला पेन्सिलसुद्धा घेतली होती, बघ. बस चालवणारं कासव आलं. रंग भडक, डोळे मोठे, पाठीवरचे चौकोन मोजून सहा. माझ्या कासवाला तेरा होते. मी मनात म्हटलं, झालं, वाट लावली. तेवढ्यात मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, कासवाने मान आत ओढून घेतली आणि त्याच्याबरोबर अख्ख्या बसनेही आपलं नाक आत ओढून घेतलं. दोन्ही मुलं अशी हसली की धाकटा सोफ्यावरून खाली आला. पुस्तकातलं ते पान मी शेकडो मुलांना दाखवलं असेल. त्या पानावर आजवर कुणी हसलेलं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली आणि उरलेला भाग नीट बघितलाच नाही.

तुला आठवतं का, आपण दोघी कुठे भेटलो ते? पाठ्यपुस्तकांच्या त्या कार्यालयात, जिन्याखालच्या खोलीत, जिथे पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की आपण उकडून निघायचो. तू मुद्रितं तपासायचीस, मी पचनसंस्थेच्या आकृत्या काढायचे. तू दुसऱ्याच्या मजकुरातलं एक वाक्य दहादा खोडून पुन्हा होतं तसंच लिहायचीस, म्हणून सगळे तुला खोडरबर म्हणायला लागले आणि माझ्या तोंडी त्याची खोडू झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत तू आकृतीच्या रद्दी कागदामागे कासवाची गोष्ट लिहून माझ्यापुढे सरकवलीस. 'हसशील म्हणून सांगत नव्हते,' असं म्हणालीस. मी हसले नाही, खाली कासव काढलं. तिथून बारा पुस्तकं झाली. लोक म्हणायचे, हिच्या गोष्टी आणि हिची चित्रं वेगळी कशी करायची! मीही तेच धरून चालले होते.

मग मालिका काढणाऱ्या त्या स्टुडिओतली बैठक झाली. टायरच्या दुकानावरचा तो चौथा मजला, रबराचा वास वरपर्यंत यायचा. तो दाढीवाला दिग्दर्शक फार अदबीने बोलला. 'तुमची चित्रं अप्रतिम आहेत, पण ती पाण्यात पसरलेल्या रंगांची आहेत. ती हलणार नाहीत. आम्हाला सगळं नव्याने काढावं लागेल.' आणि कोपऱ्यातल्या त्या मुलीकडे हात केला. मोठा चष्मा, केस पेन्सिल खोचून बांधलेले, वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. तिने उभं राहून मला नमस्कार केला. मी त्यांच्यातल्या कुणाकडेच बघत नव्हते गं. मी तुझ्याकडे बघत होते. तू पाण्याचा ग्लास हातात गोल फिरवत होतीस. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. तू म्हणालीस, 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.' खाली आल्यावर रिक्षात मी म्हटलं, 'बरोबरच आहे त्यांचं.' आणि तू सुटकेचा श्वास सोडलास. तो श्वास माझ्या कानात बसला तो बसलाच.

त्यानंतर तुझ्या तोंडी सतत तीच. चष्मेवालीने कासवाला अशी टोपी घातली, चष्मेवालीला माझ्या हातचं लोणचं आवडलं, चष्मेवाली म्हणते ही गोष्ट तिसऱ्या पानावरून सुरू करू. आणि तू केलीस! बावीस वर्षांत मी एकदा तुला म्हटलं होतं की अस्वलाच्या गोष्टीतली आजी काढून टाक, तर दोन महिने बोलली नव्हतीस. दर गुरुवारी दुपारी तू माझ्याकडे यायचीस, ते गुरुवार स्टुडिओत जायला लागले. एकदा फोनवर तू चुकून मला 'बाळा' म्हणालीस, आणि मला कळलं की दिवसभर तू कुणाला बाळा म्हणत असतेस. या वयात मला असं वाटावं याची लाज वाटते, पण मी फोन ठेवल्यावर तुझ्या वाटचा कप, तो निळ्या काठाचा, कपाटात मागे सारून ठेवला. नवऱ्याने विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'काही नाही, जागा करते.'

आता घंटेकडे येते. इतका वेळ मी तिच्याभोवतीच घिरट्या घालतेय, तुला कळलं असेलच.

तुझी टिल्ली पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शब्द तिच्या तोंडात अडकायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आजूबाजूचे लोक तिचं वाक्य तिच्यासाठी पूर्ण करून टाकायचे. तिच्यासाठी तू ती गोष्ट लिहिलीस. शाळेची एक घंटा वाजतच नाही, सगळे तिला ठोकतात, तेल घालतात, ओरडतात, आणि शाळेचा म्हातारा शिपाई नुसता स्टूल घेऊन तिच्याखाली बसतो. मी सोळा चित्रं काढली. तू मजकूर सरळ चित्रांच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिलास, खोडलास, पुन्हा लिहिलास. दुसरी प्रत केलीच नाहीस. चौदावं पान मी बिनमजकुराचं ठेवलं होतं. घंटा आणि शिपाई, दुसरं काही नाही. प्रकाशक म्हणाले, इथे दोन ओळी घाला, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल छपाईत राहिलं. तू एरवी सगळ्यांचं ऐकणारी बाई. त्या दिवशी टेबलावर हात ठेवून म्हणालीस, 'ते पान हिचं आहे. घालणार नाही.' आणि ते पुस्तक निघालंच नाही. तेव्हा तू माझ्यासाठी भांडली होतीस, खोडू. स्टुडिओत ग्लास फिरवणाऱ्या तुला बघताना मला सारखी तीच तू आठवत होतीस.

दोन महिन्यांपूर्वी तू फोन केलास. बारा पुस्तकांचे बारा भाग झाले, तेरावा मुक्या घंटेचा करायचाय, आणि गोष्ट स्वतः टिल्ली सांगणार आहे, स्वतःच्या आवाजात. तू इतकी खुशीत होतीस की वाक्यं एकमेकांवर चढत होती. 'चित्रं तुझ्याकडेच आहेत ना? चष्मेवालीला हवी आहेत.' तू 'मला हवी आहेत' म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं कोण जाणे. मी म्हटलं, 'अगं, ती गेली. वाळवी लागली, दोन वर्षांपूर्वी टाकून दिली.' माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की माझा मलाच विश्वास बसला. तू म्हणालीस, 'जाऊ दे, तुला किती वाईट वाटलं असेल.' उलट माझीच समजूत घातलीस. फोन ठेवून मी खिचडी टाकली, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मला छान वाटलं. एक तरी गोष्ट अशी होती की जी त्या मुलीला मिळणार नव्हती.

तू आठवून लिहायला बसलीस, ते जमेना, हे मला टिल्लीकडून कळलं. ती परवाच्या रविवारी आली होती. तुला सांगून आली नव्हती, तिला रागावू नकोस. केस कापलेत तिने, छान दिसतात. चहा घेताना म्हणाली, 'मावशी, घंटेचा शेवट काय होता गं? आई म्हणते घंटा वाजतच नाही. मला पक्कं आठवतंय की वाजते. आई रोज लिहिते आणि रोज फाडते. आता म्हणते, हा भागच नको.' ती बसली होती त्या पलंगाखालच्या रुंद खणात ती सोळा चित्रं होती. तिच्या पायापासून हातभर अंतरावर. मी म्हटलं, 'मलाही नाही आठवत.' तिने मान डोलावली. जरासुद्धा संशय नाही.

निघताना दारात तिने चपला घातल्या, वळली, आणि मला हाक मारायला गेली, 'मा—', आणि तिथेच अडकली. किती वर्षांत असं झालं नव्हतं. तिचे ओठ मिटले, मान किंचित हलली, डोळे माझ्यावर. शेजारीण जिन्यावरून येत होती, ती थबकली. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले. दुसरं काही केलं नाही मी. लहानपणी जे करायचे तेच, सवयीने. थोड्या वेळाने तिने आरामात म्हटलं, 'मावशी, येते.' मग हसली. 'हे फक्त तुम्हा दोघींनाच जमायचं,' म्हणाली, आणि उतरून गेली. मी दार लावलं. तिथेच पायपुसण्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे.

मंगळवारी मी स्टुडिओत गेले. सोळाही चित्रं जुन्या चादरीत गुंडाळून नेली. चष्मेवाली एकटी होती, डबा खात होती. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, मगच कागदांना हात लावला. ते मला आवडलं आणि आवडल्याचा राग आला. एकेक चित्र ती इतका वेळ बघत होती की मी न राहवून विचारलं, 'माझी पुस्तकं लहानपणी वाचली होतीस का?' म्हणाली, 'नाही, आमच्या घरी पुस्तकं नव्हती. आणि इथे आल्यावर तुमची चित्रं मुद्दाम बघितली नाहीत. बघितली असती तर माझा हात उठला नसता.' खोडू, मी खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मला तिच्यासमोर तोंड फिरवावं लागलं. चौदाव्या चित्राशी ती थांबली. 'इथे मजकूर राहिलाय का?' 'नाही. इथे नुसती वाट बघायची.' 'किती सेकंद?' तिने अगदी मनापासून विचारलं. त्यांना सगळं सेकंदात लागतं. मी म्हटलं, 'ते टिल्लीला विचार. ती सांगेल तेवढे.' तिने ते वहीत लिहून घेतलं. आणि शेवटचं चित्र बघून हसायला लागली. तुम्ही मायलेकी दोघीही बरोबर आहात. तू तुझ्या अक्षरात लिहिलंयस, 'घंटा काही वाजली नाही.' आणि त्याच्या वर मी काढलेल्या शिपायाने स्टुलावरून झटकन मान उचलून कान टवकारलेत. तू ते वाक्य खोडायचं विसरलीस की मुद्दाम ठेवलंस, ते मला कधीच कळलं नाही.

शुक्रवारी तुला स्टुडिओतून फोन येईल. त्यांना मी काहीच खुलासा केलेला नाही, त्यामुळे ते म्हणतील, चित्रं सापडली. तू आनंदाने मला फोन करशील, म्हणशील, बघ, वाळवीने सोडली की, आणि मी त्या आनंदात 'हो ना' म्हणून मोकळी होईन. तसं मला होऊ द्यायचं नाही, म्हणून त्याआधी हे लिहिलं. वाळवी लागलीच नव्हती. चित्रं सापडली नाहीत, ती हरवलीच नव्हती. दोन महिने तू रोज लिहीत होतीस, फाडत होतीस, आणि मी त्यांच्यावर गादी टाकून झोपत होते. त्या मुलीवर मी अजून जळते. ती चांगली आहे हे कळल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, उलट वाढलंय. पण तुझ्याशी खोटं बोलून जळायचं आता मला जमत नाही. तुला राग येईल, तो येऊ दे. फक्त फोनवर रागावू नकोस. गुरुवारी दुपारी घरी ये आणि समोर बसून काय बोलायचं ते बोल. तुझं बोलून होईपर्यंत मी मधे बोलणार नाही.

तुझीच, अजून जळणारी,
चित्रवाली