पेटीतली अंडी

प्रिय गोदा,

नाव लिहिलं आणि हात थबकला. जन्मभर तुला 'चंद्राची आई' म्हणत आलो. नाव घ्यायचं धाडस झालं ते तू गेल्यावर, बघ! रेल्वेच्या ड्यूटीवरून येऊन दुपारी लिहायला बसलोय. अंग पार मोडून आलंय, पण आज लिहिलं नाही तर कधीच होणार नाही.

सकाळी काळी कोंबडी खुडूक बसली. पिसं फुलवून, जागची हलेना. मी चंद्राला म्हटलं, "अंडी घाल तिच्याखाली." पोरगी चटकन मागं सरली. "म्या न्हाई घालणार, आबा. आईच्या हातानं पिल्लं मेली व्हती. माजा बी हात तसलाच निघाला तर?"

पंधरा वर्षांची पोर! हे तिला कुणी शिकवलं? तूच गं. आणि तुला मी.

ती पेटी आठवते? लढाई चालू होती, घासलेट मोजूनमापून मिळायचं. बदली होऊन जाताना रेल्वेच्या साहेबानं अंडी उबवायची पेटी मला देऊन टाकली. खाली घासलेटचा दिवा, आत ऊब मोजायचा पारा. तिच्यासोबतचा इंग्रजी कागद पूर्णा स्टेशनातल्या बाबूनं वाचून सांगितला; मला शाळेत इंग्रजीऐवजी उर्दू शिकवलेली. तू जमवलेल्या अंड्यांतली तेरा कोंबडीखाली घातलीस. उरलेली मी हट्टानं पेटीत मांडली.

"कोंबडीला कुनी सांगाया लागतंय व्हय, अंडी कवा उलथायची?" तू हसायचीस. खरंच, ती चोचीनं आपली आपण फिरवायची. दिवसातून एकदा उठून दाणे टिपायची, की परत बसायची. पेटीचं मात्र सगळं माणसानं करायचं. दोनदा अंडी फिरवा, वात बघा, पारा बघा. घरात अंधार करून आपण त्या पेटीला घासलेट पाजत होतो!

पंधरा दिवस सुरळीत गेले. मग तुला कावळा शिवला, आणि नेमकी त्या सकाळी मला गाडीची घाई. "तूच फिरव," म्हटलं. तू हात मागं घेतलेस. "आजच्याला ऱ्हाऊ द्या. इटाळ लागंल, नासतील." मी भडकलो, "पेटीला कसला आलाय इटाळ? फिरव म्हन्लं ना!" तू एकेक अंडं फिरवलंस, घाबरत घाबरत.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. थंडी होती म्हणून निघताना मी वात मोठी केली होती. संध्याकाळी आलो तर पारा खुणेच्या कितीतरी वर. पेटीला हात लावला तर चटका बसला. तू बाजूला बसलेली, आणि तुला पारा वाचता कुठं येत होता? मी गुपचूप वात खाली केली.

एकविसाव्या दिवशी कोंबडीखालून पिल्लं निघाली. पेटी गप्प. दोन दिवस वाट पाहून तू अंडी फोडलीस. आत पिसं फुटलेली पिल्लं, मेलेली. तू स्वतःच्या हातांकडं बघत राहिलीस. "माज्याच इटाळानं मेली, न्हाई का हो?"

मी म्हणालो, "आसंल."

एवढाच शब्द. मी सुटलो आणि तू अडकलीस. पुढं खुडूक कोंबडी बसवायला तू शेजारणीला बोलवायचीस. पालमला बहिणीचं बाळ बघायला गेलीस, तेही लांबूनच बघितलंस. ती म्हणाली, "आगं, घे की मांडीवर!" तू पदराखाली हात लपवलेस. मी दारात उभा होतो, गोदा. तेव्हाही बोललो नाही. चार माणसांत आपली चूक कशी कबूल करायची, असं वाटलं. किती हलका माणूस मी!

एक विचारू? तुला कधीच शंका आली नाही का? आली असेल तर भांडली का नाहीस? मीठ कमी पडल्यावरून मी बोललो तर चार दिवस अबोला धरायचीस, मग इथंच कशी गप्प बसलीस? तापात पडली होतीस तेव्हा रोज ठरवायचो, आज सांगू. रोज उद्यावर ढकललं. आणि मग तू राहिलीच नाहीस.

आता ढकलणार नाही. शाई वाळायच्या आत चंद्राला हाक मारतो आणि सांगतो, की वात मी मोठी केली होती. ती महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. बोलू नये. पण तिला मूल झालं, तर ते ती लांबून बघणार नाही, एवढं वचन देतो.

तुझा अपराधी,
किसन